आईला धाप लागते, पण एक्स-रे नॉर्मल आहे

प्रश्न : माझी आई जालना जिल्ह्यात, खेड्यात राहते. वय ५८. विडी-सिगारेट कधी ओढली नाही. गेली काही वर्षं तिला हिवाळ्यात खोकला यायचा, सकाळी बेडका पडायचा. आता बाराही महिने खोकला असतो आणि थोडं भराभर चाललं की धाप लागते. गावातले डॉक्टर दमा म्हणतात. महिन्याला एक इंजेक्शन देतात, त्यानंतर आठ-दहा दिवस बरं वाटतं. शेजारच्या काकूंना टीबीचा संशय येतो, कारण आईचं वजनही उतरलंय. तालुक्याला एक्स-रे काढला तर तो नॉर्मल आला. तिथल्या डॉक्टरांनी पंप लिहून दिलाय, पण 'एकदा लागला की सुटत नाही' म्हणून आई तो घेत नाही. नेमकं काय झालं असेल? लक्षणांवरून ओळखता येतं का? हवाबदल म्हणून तिला माझ्याकडे पुण्याला आणू का?
– एक वाचक, पुणे

प्रिय ताई,

आईचा खोकला, बेडका, वजन, सगळं तुम्ही नीट लिहिलंय. वाचताना मला वाटत होतं की पुढच्या ओळीत चुलीचा उल्लेख येईल, पण तो आला नाही. आई स्वयंपाक कशावर करते? घरात गॅस असेलच, पण भाकरी कशावर होतात? आंघोळीचं पाणी कशावर तापतं? मराठवाड्यातल्या बायकांना मी हे विचारते तेव्हा पहिलं उत्तर 'गॅस आहे ना' असंच येतं. जरा वेळ दिला की कळतं, गॅसवर चहा होतो आणि पाहुणे आले तर भाजी. भाकरी, डाळ आणि घरभराचं आंघोळीचं पाणी चुलीवरच असतं. जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि पावसाळ्यात ओली लाकडं. काही घरांत त्याच चुलीवर मशेरीही भाजली जाते, तिचा धूर वेगळा. खेड्यातली मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की चुलीपुढे बसायला लागते. तुमच्या आईचं तसं असेल, तर तिच्या छातीत जवळजवळ पन्नास वर्षांचा धूर गेलाय. मग मला सगळ्यात जास्त शक्यता सीओपीडीची, म्हणजे श्वासनळ्या हळूहळू कायमच्या अरुंद होत जाण्याच्या आजाराची वाटते.

पत्रावरून निदान होत नाही, आणि मी ते करतही नाही. पण कोणत्या दिशेने शोधायचं हे तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवरून बरंच कळतं. फुफ्फुसाच्या बहुतेक आजारांत लक्षणं तीच पाच-सहा असतात: खोकला, कफ, धाप, छातीत घरघर, कधी छातीत दुखणं, कधी थुंकीतून रक्त. नुसती लक्षणं मोजून आजार ओळखू येत नाही. तो ओळखू येतो त्यांच्या चालीवरून, म्हणजे त्रास कधी सुरू झाला, हळूहळू वाढला की एकदम, मधे पूर्ण बरं वाटतं का, रात्री वाढतो की चालताना, यावरून.

सीओपीडीत श्वासनळ्या धुराने सुजतात, आतून जाड होतात आणि अरुंद होत जातात. हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. हे सगळं वर्षानुवर्षं, कळत-नकळत होतं. चाळिशी उलटल्यावर सकाळचा कफ सुरू होतो, हिवाळ्यात खोकला वाढतो, मग तो उन्हाळ्यातही राहतो आणि शेवटी धाप लागते. बाई मात्र 'वय झालं' म्हणून स्वतःची समजूत घालते. शिवाय ती धाप लागेल अशी कामंच एकेक करून सोडून देते, त्यामुळे 'दम लागतो का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणते. म्हणून तुम्ही आईला वेगळं विचारा. गेल्या दोन वर्षांत कोणतं काम सोडलं? आठवडी बाजाराला जाणं? हापशावरून हंडा आणणं? शेतात जेवण घेऊन जाणं? बरोबरीच्या बायकांसोबत देवळात निघाली तर मागे पडते का, मधे उभं राहावं लागतं का? सपाट रस्त्यावर स्वतःच्या वयाच्या माणसांपेक्षा मागे पडत असेल, तर आजार बराच पुढे गेलाय असं समजा.

'विडी-सिगारेट ओढली नाही' हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत, कारण हा आजार फक्त ओढणाऱ्यांना होतो असं सगळ्यांनाच वाटतं. बरीच वर्षं डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की जगभरातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीही धूम्रपान केलेलं नसतं. त्यांच्या आजाराच्या कारणांत घरातला चुलीचा धूर फार वरचा आहे. आईकडून विडीची कबुली मिळाली नाही म्हणून कोणी सीओपीडी नाकारत असेल, तर ते चूक आहे.

आता दम्याबद्दल. गावातल्या डॉक्टरांचा अंदाज अगदीच अस्थानी नाही, कारण दोन्हींत श्वासनळ्या आवळतात आणि दोन्हींत घरघर ऐकू येते. पण दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो. घरात कुणाला तरी दमा, सारख्या शिंका किंवा अंगावर खाज असते. त्रास पहाटे तीन-चारच्या सुमारास जास्त होतो. धूळ, उदबत्ती, थंड हवा, परागकण असं काहीतरी निमित्त होतं आणि अटॅक येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन अटॅकच्या मधे माणूस अगदी ठणठणीत असतो. तुमच्या आईला मधे पूर्ण बरं वाटतं असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेल्या आणि कधीच पूर्ण न जाणाऱ्या धापेला तपासणी न करता दमा म्हणू नये. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, तेही तपासणीतच कळतं.

काकूंचं म्हणणं मात्र बाजूला टाकू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी तपासायची, हा आपल्या देशातला नियम आहे, आणि तो बरोबर आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्री घामाने अंग भिजणं, भूक मरणं, वजन उतरणं, थुंकीत रक्त ही टीबीची ओळखीची लक्षणं. वजन सीओपीडीतही उतरतं, पण तसं समजून टीबी तपासायचा राहिला तर घरातली लहान मुलंसुद्धा धोक्यात येतात. म्हणून पहिली तपासणी थुंकीची. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जंतू सापडतो का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का, हे दोन्ही थोड्या तासांत कळतं. ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीने बनवलंय, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. आईला सांगा, डबीत लाळ नको. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून ओढून काढलेला बेडका हवा. नमुना चुकीचा गेला तर रिपोर्टही चुकीचा येतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

टीबी निघालाच तर घाबरू नका. औषधाला दाद देणाऱ्या साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. औषधं फुकट मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. घरातल्या इतरांनाही तपासून घ्यायचं, एवढं मात्र विसरू नका.

आता एक्स-रे. 'नॉर्मल' हा शब्द वाचून घर निर्धास्त होतं आणि इथेच वर्षं वाया जातात. एक्स-रेत फुफ्फुसाचा आकार दिसतो, डाग, पाणी, गाठ दिसते. हवा किती जोरात बाहेर पडते हे त्यात दिसत नाही. दम्याचा आणि सुरुवातीच्या सीओपीडीचा एक्स-रे पुष्कळदा अगदी स्वच्छ असतो. त्यासाठी फुंकून करायची तपासणी लागते. नाव स्पायरोमेट्री, दवाखान्यात सगळे पीएफटी म्हणतात.

ती कशी होते ते सांगते, म्हणजे आई बिचकणार नाही. तिला खुर्चीवर बसवतील, नाकाला चिमटा लावतील आणि तोंडात नळी देतील. छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एकदम जोर लावून हवा सोडायची. सोडताना थांबायचं नाही. आत काही उरलं नाही असं वाटलं तरी सहा सेकंद तरी सोडत राहायचं. हे निदान तीन वेळा करून घेतात. मग पंपातून औषध देऊन पंधरा-वीस मिनिटं थांबवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. पूर्ण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली याचं गुणोत्तर काढतात. औषधानंतरही ते ०.७० च्या खाली राहिलं, तर श्वासनळ्यांचा अडथळा कायमचा आहे, आणि आईच्या हकिगतीशी जोडून पाहिलं तर तो सीओपीडी. औषधानंतर आकडा खूप सुधारला तर दम्याकडे झुकतं माप. कोणतंही सुईटोचणं नाही, वेदना नाही, फक्त दमायला होतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ही सोय असते, पुण्यात तर छातीच्या बहुतेक डॉक्टरांकडे आहे.

पुण्याला आणा ते यासाठी. हवाबदलासाठी म्हणाल, तर थोडी सावधगिरी बाळगा. तुमच्या इमारतीत गॅलरीला किंवा डक्टला कबुतरं असतील, तर आई येण्याआधी ती जागा साफ करून जाळी बसवा. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी श्वासातून गेली की काही लोकांच्या फुफ्फुसांना ॲलर्जीची सूज येते. वर्षानुवर्षं ती तशीच राहिली तर फुफ्फुस आतून कडक होत जातं. झाडूने कोरडं झाडू नका. आधी पाणी मारा, तोंडाला एन-९५ मास्क लावा आणि मग खरवडा. कूलरचंही तेच, आतलं गवत बुरसटलेलं असेल तर ते बदला. आणि आई झोपते त्या खोलीत मच्छर कॉइल अजिबात लावू नका. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण असतात असं २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. मच्छरदाणी लावा.

फुफ्फुस कडक होण्याचा जो प्रकार म्हटला, त्याला आयएलडी म्हणतात. त्याची चाल सीओपीडीहून वेगळी. खोकला कोरडा असतो, बेडका फारसा नाही, शिट्टीसारखा आवाज नाही, पण धाप मात्र काही महिन्यांत झपाट्याने वाढते. काही रुग्णांची नखं फुगून गोलसर होतात. ते घरी पाहता येतं. आईला दोन्ही हातांच्या तर्जनींची नखं एकमेकींना पाठीला पाठ लावून धरायला सांगा. एरवी दोन नखांच्या मुळाशी पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी फट दिसते. ती फट नसेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. नुसत्या सीओपीडीत नखं अशी होत नाहीत. तशी झाली असतील तर आयएलडी, जुन्या जंतुसंसर्गाने श्वासनळ्या रुंद होऊन कफ साठणं किंवा कॅन्सर यांपैकी काही आहे का ते पाहावं लागतं, आणि मग सीटी स्कॅन टाळू नये. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये जुन्या खोकल्याचा पोत बदलतो, आवाज बसतो आणि बसलेलाच राहतो, थुंकीत रक्ताच्या रेषा येतात. सीओपीडी असणाऱ्यांत त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून जुना खोकला अचानक वेगळा वाटू लागला तर 'नेहमीचाच' म्हणू नका.

न्यूमोनिया या सगळ्यांहून निराळा, कारण तो दिवसांत वाढतो. थंडी वाजून ताप, श्वास घेताना बरगडीत सुरी खुपसल्यासारखी कळ, भरभर श्वास. वयस्कर माणसांत ताप नसतोही, नुसती सुस्ती येते किंवा माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि घरचे त्याला अशक्तपणा समजतात. सीओपीडीच्या रुग्णाला न्यूमोनिया फार महागात पडतो. म्हणून दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस, या दोन्ही आईसाठी करून घ्या.

धाप फुफ्फुसामुळेच लागते असंही नाही. आडवं झाल्यावर श्वास कोंडतो का, उशा वाढवाव्या लागतात का, संध्याकाळी पाय सुजतात का, हे विचारा. तसं असेल तर हृदयही तपासून घ्यायला हवं. आणि साधं हिमोग्लोबिन करून घ्या. आपल्या बायकांचं ते इतकं कमी असतं की निम्मी धाप कधी कधी तिथेच सापडते.

आता पंप. आईची भीती मला रोज ऐकू येते, आणि त्या भीतीपायी लोक चांगल्या औषधाला मुकतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. पंपाची सवय लागत नाही. आजार दीर्घकाळाचा आहे म्हणून औषधही दीर्घकाळ घ्यावं लागतं, जसं बीपीचं घेतो. डोसचा हिशोब पाहा. साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीसपट. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथे हवं तिथेच जातं. 'इंजेक्शनने बरं वाटतं' हे आईचं म्हणणं खरं आहे, पण महिन्याच्या त्या इंजेक्शनमध्ये स्टेरॉइड असेल तर साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू ही किंमत ती मोजतेय, आणि आजार जागच्या जागी आहे.

पंप नुसता दिला म्हणजे झालं असं नाही. तो कसा घ्यायचा हे समोर बसून शिकवावं लागतं. कॅप्सूलच्या पंपात कॅप्सूल घालून तिच्यातली पूड श्वासाने ओढायची असते, पण कितीतरी लोक ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणतात. तुमच्या आईला दाबायचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे ती प्लॅस्टिकची लांबोडी नळी, नक्की मागून घ्या. पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर ओठांत घट्ट धरायचा, एकदाच दाबायचं, सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि मनात दहा मोजेपर्यंत रोखायचा. दुसरा पफ हवा असेल तर थोडं थांबून. कॅप्सूलच्या पंपात उलट, श्वास जोरात आणि झटकन ओढायचा. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून गुळण्या करायच्या, नाहीतर तोंड येतं. पहिले काही दिवस आई तुमच्यासमोर घेईल असं पाहा.

सीओपीडीने एकदा खराब झालेल्या नळ्या पहिल्यासारख्या होत नाहीत, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण पुढची पडझड बरीच मंदावता येते, धाप कमी होते, आणि आई पुन्हा बाजारापर्यंत चालू लागते. त्यासाठी औषधाइतकंच रोजचं चालणं महत्त्वाचं. धाप लागते म्हणून बसवून ठेवलं तर पायांचे स्नायू सुकतात आणि पुढच्या वेळी अजून लवकर धाप लागते. चालताना नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, दुप्पट वेळ लावून सोडायचा.

हे सगळं करून ती त्याच चुलीपुढे परत गेली तर उपयोग नाही. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली, जोडण्या घरोघरी पोचल्या, पण रिकाम्या सिलिंडरचा प्रश्न दर महिन्याला उभा राहतो. आईला 'चूल सोड' असं सांगू नका, ती ऐकणार नाही. भाकरीची चव, वाचणारे पैसे आणि सवय ही तिची खरी कारणं आहेत. त्यापेक्षा सिलिंडरचा खर्च भावंडांनी आपसात वाटून घ्या, आणि आंघोळीच्या पाण्याची सोय आधी करा, कारण बरंच जळण तिथेच जातं. भाकरीची चूल उरलीच तर ती उघड्यावर न्या आणि ती पेटवायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या.

घरी पल्स ऑक्सिमीटर असू द्या. बसून असताना आकडा नेहमीपेक्षा बराच खाली गेला, किंवा एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर पडतात, झापड येते, थुंकीतून रक्त जास्त पडतं, असं काही झालं तर उजाडायची वाट न पाहता १०८ ला फोन करा. घरात ऑक्सिजनचं यंत्र आणून मनाने मोठ्या आकड्यावर लावू नका. सीओपीडीत ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात, त्याहून जास्त दिलं तर काही रुग्णांना अपाय होतो.

पुण्याला येताना जुनी एक्स-रे फिल्म, पंपाचं खोकं आणि सगळ्या चिठ्ठ्या आणा. पीएफटीच्या दिवशी सकाळी पंप घ्यायचा की नाही हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. आणि गावातल्या डॉक्टरांकडून त्या महिन्याच्या इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून घ्या, भांडण न करता. ते स्टेरॉइड असेल आणि बरीच वर्षं चालू असेल तर एकदम तोडता येत नाही. ते कसं उतरवायचं हे छातीचे डॉक्टर नाव बघूनच ठरवतील.